जिवंतपणी घातलेला हार

आमच्या ह्यांच्या फोटोला पहिला हार घातला गेला तेव्हा हे गॅलरीत बसून केळं खात होते.

हार खरा फुलांचा नव्हता. लाकडाच्या पातळ चकत्यांचा, वर चंदनाचा वास मारलेला, वर्षानुवर्षं टिकणारा. आपल्याकडे तो कोणाच्या फोटोला घालतात हे सांगायला नको. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं आणि माझ्या हातातलं पातेलं खाली आपटलं. सिनेमावाली पंधरा-वीस मंडळी एकदम माझ्याकडे वळली. गॅलरीतून ह्यांचा आवाज आला, "काय झालं गं? कोण गेलं?"

"तुम्ही!" मी म्हटलं.

ह्यांना इतकं हसू आलं की केळं घशात अडकलं आणि खरंच जातायत की काय अशी वेळ आली.

आमची बिल्डिंग पनवेलच्या तळ्याच्या बाजूला, तीन मजली, लिफ्ट नसलेली. आम्ही तळमजल्यावर. मुलगा, सून आणि नात करंजाड्याला नव्या टॉवरमध्ये. ह्यांची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. दुकानादुकानांत जायचं, काटे तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, कमी भरलं की दंड करायचा. या कामात माणूस काही न मागताही खाऊ शकतो, लोक आपणहून भरवतात. हे खाल्ले नाहीत. आयुष्याच्या शेवटी ह्यांच्यापाशी काय होतं म्हणाल, तर तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि नाव. फ्लॅट आता पाडून नवा बांधायचं चाललंय. नाव तेवढं शिल्लक राहील असं मी धरून चालले होते.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक माणूस घरं बघत फिरत आला. सिनेमासाठी जागा शोधण्याचं काम त्याचं. आमच्या दारात उभा राहिला आणि भिंतीवरच्या ओलीकडे असा बघत बसला, जसं काही अजिंठ्यालाच आलाय.

"आजी, परफेक्ट! असंच घर पाहिजे होतं. प्रामाणिक इन्स्पेक्टरचं घर आहे आमचं."

सिनेमा गुन्हेगारीचा होता. एक मोठं शहर, त्यात वरपासून खालपर्यंत सगळे विकले गेलेले, आणि एकच पोलीस अधिकारी जो विकला जात नाही. त्याची आई या जुन्या घरात राहते. भिंतीवर त्याच्या वडिलांचा फोटो. घरातून बाहेर पडताना हिरो त्या फोटोच्या पाया पडतो. एवढी गोष्ट मला सांगण्यात आली आणि मला ती पुरेशी वाटली. प्रामाणिक माणूस, जुनं घर, मी म्हटलं हे तर आमचंच. देवानं उशिरा का होईना हिशेब केला. आता सगळ्या महाराष्ट्राला कळेल.

माझी त्या आठवड्यातली अवस्था सांगते. सत्तरी जवळ आलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, पण सकाळी उठून पावडर लावून, चापूनचोपून साडी नेसून तयार. कशासाठी? तर दिग्दर्शकाची नजर पडावी आणि त्यानं म्हणावं, अहो, हिरोची आई तर इथेच आहे! त्यानं माझ्याकडे बघितलं ते एकदाच, आणि म्हणाला, "आजी, जरा बाजूला व्हाल? फ्रेममध्ये येताय." हिरोची आई म्हणून आली ती माझ्या मुलापेक्षा चार वर्षांनी लहान असेल. तिच्या केसांना पांढरं फासलं. ती वाकून चालायला लागली तर मीच तिला सांगितलं, "अगं, आमच्या वयाच्या बायका इतक्या वाकत नाहीत. आम्हाला दुखतं, म्हणून आम्ही ताठ चालतो."

मग घराची सजावट सुरू झाली. सजावट म्हणजे उलटी. आमचा फ्रीज उचलून बाहेर नेला आणि तिथे माठ ठेवला. ओल कमी वाटली म्हणून भिंतीवर पाणी आणि रंग फवारून आणखी ओल काढली. सोफ्याच्या जागी मोडकी खुर्ची. मी त्या सजावटवाल्याला म्हटलं, "अरे, आम्ही प्रामाणिक होतो, भिकारी नव्हतो!"

तो म्हणाला, "आजी, लोकांना कळायला नको का?"

ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे गं. त्यांना फ्रीज असलेला प्रामाणिक माणूस दाखवायला बजेट जास्त लागत असेल."

शूटिंग चालू असताना आवाज नको म्हणून मला वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे धाडलं जायचं. ह्यांना मात्र खाली बसायची परवानगी होती. ह्यांनी दिग्दर्शकाशी गट्टी जमवली होती. निवृत्त झाल्यापासून ह्यांच्याशी इतकं बोलणारं कोणी भेटलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी तर बोलायचे, ऐकायचे कमी.

फोटोचा प्रश्न तिथेच निघाला. हिरोच्या वडिलांच्या फोटोसाठी कोणा नटाचा फोटो आणणार होते, पण दिग्दर्शक म्हणाला, काका, तुमचा चेहरा किती चांगला आहे, तुमचाच लावू का? हे म्हणाले, लावा. मला विचारलंच नाही. एक चाळिशीची बाई होती, कपडेपट सांभाळणारी, दादरची, भरभर बोलणारी, तोंडात कायम टाचणी. तिनं ह्यांना सफारी घातला, केस काळे केले, मिशीला कलप लावला आणि आमच्याच दारासमोर उभं करून फोटो काढला. हे मला दाखवायला वर आले.

"कसा दिसतोय?"

बोटात जाडजूड सोन्याची अंगठी. मनगटात चकचकीत घड्याळ. आयुष्यभर ह्यांच्या बोटात लग्नातली अंगठीसुद्धा टिकली नाही, वजनं उचलताना अडकते म्हणून काढून ठेवलेली.

"साहेब दिसताय," मी म्हटलं. "पण ही अंगठी कशाला?"

"फोटो उठून दिसावा म्हणून."

मला ते पटलं. आता आठवलं की माझ्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते. प्रामाणिक घर दाखवायला ज्या लोकांनी माझा फ्रीज हलवला, ते त्याच घरातल्या प्रामाणिक बापाच्या बोटात सोन्याची अंगठी घालतील का? वयानं शहाणपण येतं म्हणतात तेव्हा मला हसू येतं.

दुसऱ्या दिवशी तो फोटो मोठा करून, चौकटीत बसवून भिंतीवर लागला, त्यासाठी खिळा ठोकला गेला आणि त्याच्यावर हार चढला. मी दृष्टबिष्ट मानणारी नाही. पण जिवंत माणसाच्या फोटोला हार मला बघवेना. मी कपडेपटवाल्या बाईला म्हटलं, काढा तो. ती बिचारी कावरीबावरी झाली. ह्यांनीच मध्ये पडून समजूत काढली. "अगं, मेल्यावर हार बघायला मिळत नाही. मी बघून घेतो, कसा शोभतो ते."

एके दिवशी संध्याकाळी हे वर आले ते हसतच. "आज त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. शाळेत असल्यासारखं."

"मग मध्ये मध्ये कशाला करता त्यांच्या?" मी म्हटलं. मला वाटलं, शॉटमध्ये आले असतील म्हणून बाजूला केलं असेल. हे शेजारणीनं दिलेला चहा पीत बसले.

शूटिंगवाले गेले. फ्रीज जागेवर आला. त्यांनी काढलेली ओल काही पुसली गेली नाही, आणि तो खिळा राहिला. जाताना माझ्या दोन जुन्या साड्या हिरोच्या आईसाठी मागून नेल्या होत्या, त्याही त्यांच्याकडेच राहिल्या. त्यांचं अजून कुठलं तरी शूटिंग बाकी होतं.

पुढच्या उन्हाळ्यात हे गेले. दुपारी जेवले, ताकाचा पेला मागितला, आणि मी पेला घेऊन येईपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं. मी मात्र कितीतरी दिवस त्या लाकडी हाराचं नाव घेत होते, मनातल्या मनात. सून शिकलेली, तिला सांगायची सोय नव्हती. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, असं असतं तर सिनेमातले निम्मे म्हातारे शूटिंग संपायच्या आत गेले असते." पटलं. पण रात्री कूस बदलली की पुन्हा तो हार.

भिंतीवर लावायला फोटो शोधला तर धड एकही सापडेना. ह्यांना फोटो काढून घ्यायची आवडच नव्हती. शेवटी निवृत्तीच्या दिवशीच्या समारंभातला एक सगळ्यांचा फोटो मोठा करून आणला. त्यात ह्यांचा चेहरा धूसर आला आणि कानापाशी कोणा दुसऱ्याचाच खांदा. तो सिनेमावाल्यांच्या खिळ्यावर टांगला. नात विचारायची, "आजी, आजोबांच्या बाजूला कोण आहे?" मी म्हणायचे, "माहीत नाही गं, पण आता तोही आपल्यातलाच."

ते नुसतं बोलणं होतं असं नाही. त्या खांद्याच्या माणसाला मी खरंच ओळखत नव्हते. इतक्या वर्षांच्या नोकरीत ऑफिसातलं कोणी आमच्याकडे जेवायला आलं नाही. मला आठवतं, बिल्डिंगमधल्या बायकांच्या नवऱ्यांचे डबे परत यायचे ते दुसऱ्याच्या लोणच्याचे डाग घेऊन, कोणाच्या तरी बटाट्याचा वास घेऊन. त्या बायका तक्रार करायच्या, डबा घासून घासून हात दुखले. ह्यांचा डबा स्वच्छ यायचा. आपलीच भाजी, आपलीच पोळी. मी त्याही गोष्टीचा तोरा मिरवला, म्हणाले, आमचे हे किती व्यवस्थित! ह्यांच्या शेजारी बसून कोणी जेवतच नाही ही गोष्ट मला हे गेल्यावर, रिकामा डबा फडताळात ठेवताना लक्षात आली.

आणि माझा तोरा म्हणजे काय साधा होता? दिवाळीत व्यापाऱ्यांकडून मिठाईचे डबे यायचे. हे ऑफिसात असताना कोणीतरी दारात ठेवून जायचं. संध्याकाळी हे आले की एकच वाक्य, "उद्या परत देऊन ये." दुसरं कोणी असतं तर पिशवीत घालून गुपचूप नेऊन दिला असता. मी? मी साडी बदलायचे. गजरा माळायचे. आणि तो चकचकीत कागदातला डबा दोन्ही हातांवर धरून, देवीची ओटी भरायला निघाल्यासारखी, भर दुपारी बाजारपेठेतून चालत जायचे, म्हणजे प्रत्येक दुकानातून दिसावं. जवळचा रस्ता सोडून लांबचा घ्यायचे. दुकानात पोचले की मोठ्यानं, "हे आमच्याकडे चुकून आलं बरं का!" तिशीतली ती बाई मला आता समोर दिसली तर मी तिचा गजरा उपटून काढीन.

मासळीबाजारातली माझी कोळीण मात्र तेव्हाही मला ओळखून होती. ती म्हणायची, "काकी, सायबाला नको गो आनू हिकडं, माजा काटा घाबरतो. आन तुमी बी आता बस करा. सायेब काय खात नाय त्ये समद्या पनवेलला म्हाइत हाय. मावरं घ्या नि गुमान घरी जा."

तर सिनेमा लागला. हायवेवरच्या मॉलमधल्या थिएटरात. मी मोरपंखी साडी नेसले. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, जा म्हणून, आमचे हे आहेत त्यात. मुलगा, सून, नात आणि मी, मधल्या रांगेत. नातीच्या हातात मक्याच्या लाह्यांची बादली.

सुरुवातीलाच आमचं घर आलं. नात ओरडली, "आजी, आपला माठ!" आपला नव्हता, पण मी मान हलवली. आणि मग भिंत. पडद्यावर हे एवढे मोठे. काळे केस, सफारी, हार. गालावरची जन्मखूणसुद्धा दिसत होती. वर्षभर त्या धूसर फोटोकडे बघून मी ह्यांचे डोळे विसरत चालले होते, ते डोळे समोर. हिरोनं पाया पडताना डोकं वाकवलं तेव्हा मीही आपोआप हात जोडले. सुनेनं माझा हात धरला.

पुढे मारामाऱ्या झाल्या, गाड्या उलटल्या, एक मंत्री पकडला गेला आणि सुटला. प्रत्येक वेळी हिरो घरी यायचा, थकून फोटोपुढे उभा राहायचा. मी मारामाऱ्या डोळे मिटून काढायचे आणि फोटो आला की उघडायचे.

शेवटाकडे खलनायक हिरोला समोर बसवतो आणि हसतो. म्हणतो, तुझ्या ज्या बापाचे पाय धरतोस ना, तो माझ्या पहिल्या पगारी नोकरांपैकी एक. तुझं शिक्षण, तुझा युनिफॉर्म, सगळं माझ्या पैशाचं. बापाच्या बोटातली अंगठी बघितली नाहीस कधी?

पडद्यावर ह्यांची अंगठी आली. एकटी अंगठी, सगळ्या पडद्याएवढी.

हिरो घरी येतो. फोटोसमोर उभा राहतो. हार उतरवून जमिनीवर फेकतो. आणि फोटो उलटा करून, तोंड भिंतीकडे करून टांगतो. मग बाहेर जाऊन खलनायकाला पकडतो, कारण तो स्वतः प्रामाणिकच राहणार असतो. थिएटरात टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी मारली. आमच्या घरात, आमच्या भिंतीवर, माझ्या नवऱ्याची पाठ लोकांकडे होती आणि लोक टाळ्या वाजवत होते.

नातीनं विचारलं, "आजी, आजोबा चोर होते?"

सून म्हणाली, "नाही गं राणी, ते फक्त पिक्चरमध्ये."

घरी येताना पळस्प्याकडच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, तो फक्त फोटो होता. बाबा नव्हते."

"मग मी हात कोणाला जोडले?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. चांगला माणूस, पण तोंडाला झाकण नाही. "काकू, बघितला हो पिक्चर! काका तर मोठे खाणारे निघाले!" आणि स्वतःच खो खो हसले. मी हसले नाही तेव्हा घाईघाईनं म्हणाले, "गंमत हो." बिल्डिंगमध्ये तीच गंमत आठवडाभर चालली. पाणी भरताना, भाजीवाल्यापाशी. कोणाच्या मनात काही नव्हतं, मला ठाऊक आहे. पण ह्यांच्यापाशी एकच वस्तू होती, आणि ती मीच हौसेनं दाराबाहेर नेऊन दिली होती. आधीचे डबे परत केले, आणि ह्यांचं नाव मात्र देऊन बसले.

मी मुलाच्या मागे लागले. कोर्टात जाऊ. पेपरात देऊ. तो फोटो सिनेमातून काढायला लाव. मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबांनी सही करून परवानगी दिली होती, आई."

"त्यांना फसवलं! त्यांना गोष्टच सांगितली नसणार."

"असेल," तो म्हणाला. त्याच्या आवाजावरून कळलं की हा विषय त्याला संपवायचाय. मी जेवण सोडलं. एका दुपारचंच, खोटं कशाला सांगू, संध्याकाळी सुनेनं येऊन थालीपीठ लावलं होतं. पण मनातून मी त्या दिग्दर्शकाला रोज शिव्या घालायचे. भिंतीवरच्या धूसर फोटोपुढे उभं राहून म्हणायचे, काळजी करू नका, मी सोडणार नाही त्यांना.

आणि एक दिवस सकाळी ती कपडेपटवाली बाई दारात. हातात मोठी कापडी पिशवी. "काकू, ओळखलं का? तुमच्या साड्या राहिल्या होत्या."

मी दार अडवून उभी राहिले. "साड्या ठेव आणि जा."

"काका कुठायत?"

मी भिंतीकडे बोट केलं. तिनं वळून बघितलं. तिला माहीतच नव्हतं. ती तिथेच उंबऱ्यात खाली बसली आणि ओंजळीत तोंड घेऊन रडायला लागली, अगदी घरच्यासारखी. मग मला तिला आत घ्यावं लागलं, पाणी द्यावं लागलं. पण पाणी पिऊन झाल्यावर मी सोडलं नाही. "तुम्ही लोकांनी एका सज्जन माणसाला फसवलंत. आयुष्यभर ज्यानं एक पेढा खाल्ला नाही, त्याला चोर केलंत."

तिनं पेला खाली ठेवला. "काकू, काकांना सगळं माहीत होतं."

"खोटं बोलू नकोस."

"शपथ. पहिल्याच दिवशी सरांनी पूर्ण गोष्ट सांगितली होती. सर म्हणाले, तुम्हाला आवडणार नसेल तर दुसरा फोटो लावतो, आमच्याकडे आहेत. काका म्हणाले, नको, माझाच लावा. अंगठी मी घातली ना त्यांना. तेव्हा बोटात फिरवून फिरवून बघत होते. विचारलं, खोटी आहे ना? मी म्हटलं, हो काका, पितळ. तर म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बाई, सगळं गाव म्हणतं साहेब खात नाहीत. खरं सांगू का, भूक लागायची हो कधी कधी."

माझ्या हातात तिनं आणलेली साडी होती. मी तिची घडी मोडली आणि परत घातली.

"आणि दिवाळीच्या डब्यांचं सांगितलं. म्हणाले, एकही डबा कधी उघडून बघितला नाही. आत काय असायचं कोण जाणे. या वयात एकदा खाऊन बघू द्या, सिनेमात का होईना." तिनं डोळे पुसले. "आणि मला बजावलं, आमच्या हिला सांगू नका. तिला फार अभिमान आहे माझा."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मी त्याचा आवाज पार तळ्याच्या टोकापर्यंत ऐकला.

आता गंमत ऐका. ते डबे ह्यांनी नाही उघडले, मी उघडले होते. एकूण एक. हे आंघोळीला गेले की मी हलक्या हातानं चिकटपट्टी सोडवायचे, वरचा कागद उचलून बघायचे आणि पुन्हा जसाच्या तसा लावायचे. खाल्लं काही नाही, तेवढी लाज होती. पण बघितलं सगळं. मी बघून घेतलं आणि ह्यांना वाटलं, आपण दोघंही न बघता राहिलो. एकदा जरी विचारलं असतं, अगं, आत काय असेल गं, तर मी सांगितलं असतं. पण माझ्यासारख्या बाईला कोण विचारणार? गजरा माळून निघालेल्या बाईला भुकेबद्दल कोणी विचारतं का? खाण्याचा विचार जरी ह्यांच्या मनात आला असता, तरी माझी मिरवणूक त्याच्या आड आली असती. ह्यांना स्वतःचा नेम पाळायचा होता की माझा तोरा सांभाळायचा होता, हे आता विचारायला माणूस नाही.

जाताना ती बाई म्हणाली, "अजून एक आणलंय." पिशवीच्या तळातून, माझ्याच दुसऱ्या साडीत गुंडाळलेली चौकट काढली. "शूटिंगचं सामान टाकून देतात काकू. मला नाही टाकवलं." हारही होता, कागदाच्या पुडीत वेगळा.

ती गेल्यावर मी स्टुलावर चढले, मुलाला कळलं असतं तर ओरडला असता. धूसर फोटो खाली उतरवला, त्या परक्या खांद्यासकट. त्याच खिळ्यावर हा लावला. काळे केस, सफारी, अंगठी. ह्यांचा आयुष्यातला एकच धड फोटो. हार नाही घातला. एकदा घालून झालाय, आणि ह्यांचा बघूनही झालाय.

रविवारी मुलगा आला. भिंतीकडे बघून म्हणाला, "आई, हा लावलास? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, खाणारे निघाले."

"आणि तू?"

"मी त्यांना चहा देईन."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू आईला डॉक्टरकडेच न्यायला हवं. मी त्याला पिशवी दिली आणि बाजारपेठेत पाठवलं. कुठल्या दुकानातून आणायचं तेही सांगितलं. अजून आहे ते दुकान, आता नातू बसतो गल्ल्यावर. डबा चकचकीत कागदातलाच आण म्हटलं, आणि बिल घे.

डबा आणून देऊन मुलगा घरी गेल्यावर दार लोटलं. डबा ह्यांच्या फोटोखाली स्टुलावर ठेवला. चिकटपट्टी सोडवायला बोटं आता तितकी हलकी राहिली नाहीत, कागद फाटला. वरचा पातळ कागद उचलला आणि डबा ह्यांच्याकडे वळवला.

"ही काजूकतली," मी म्हटलं. "वर चांदीचा वर्ख. धान्यवाल्याकडून यायचा तो डबा असाच असायचा. तेलवाला मात्र चिक्कू होता, अहो, त्याचा डबा नुसता हाताला लागला तरी तुम्ही उगीच घाबरून दहा वेळा हात धुवायचात, त्याच्या डब्यात नुसती सोनपापडी. कापडवाल्याचे अंजीर रोल. एका वर्षी कोणीतरी बदामाचा हलवा पाठवला होता, तो मी जरा जास्त वेळ बघितला."

असं मी एकेक डबा आठवून सांगत बसले. जे आठवेना तिथे मनचं घातलं.

हे ऐकत होते. अंगठीवर उजेड पडला होता.